समेटाचा चहा

पाळकीणबाईंच्या हातचा चहा प्यायल्यावर कुणी भांडण परत घरी नेल्याचं ऐकिवात नाही, असं चर्चच्या मंडळीत कौतुकानं बोललं जाई. बाईंना ते ऐकायला आवडायचंही, कुणाला आवडणार नाही? महिन्यातून एकदा, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी त्यांच्या बैठकीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जात. ज्यांचं आपसात बिनसलेलं असे ते दोघे येऊन बसत, बाईंचे यजमान, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब, लहानशी प्रार्थना करत आणि बाई चहा आणत. कप रिकामे होईतो मनातलं बोलून घ्यायचं, मग हात मिळवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मनानं प्रभूच्या मेजापाशी जायचं. याला सगळे समेटाचा चहा म्हणत. वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्यापासून ते लग्नात मान दिला नाही इथपर्यंत कितीतरी भांडणं त्या बैठकीत मिटली होती.

बायबलातलं वचन नुसतं वाचायचं नसतं, ते हातापायांत उतरलं पाहिजे, हा बाईंचा हेका. दर बुधवारी बायकांचा वर्ग भरे, तेव्हा त्या एकेकीला विचारत, की मागच्या आठवड्यात वाचलं त्याचं तू केलंस काय? मग कुणी सांगे, शेजारणीचा कुकर वर्षभर दाबून ठेवला होता तो नेऊन दिला. एकदा एकीनं विचारलं, "बाई, सासूला उलट उत्तर दिलं नाही, पण मनात दिलं. ते धरायचं का?" बाई म्हणाल्या, "अर्धं धरू." सगळा वर्ग हसला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई देवाच्या हिशेबातही चोख होत्या, असं लोक म्हणायचे. त्या चोखपणात केवढी मोठी चूक वर्षानुवर्षं राहून गेली होती, ते त्यांना त्या शनिवारी कळलं.

दुपारची जेवणं झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "अगं, आज थोरलीला चहाला घेऊन ये. भाऊसाहेब येणार आहेत. तिच्या मनातली अढी एकदाची निघू दे."

थोरली आणि धाकटी या दोन सख्ख्या जावा. मंडळी त्यांना याच नावांनी ओळखे. दोघी भाऊसाहेबांच्या लाँड्रीत कामाला. हॉटेलं आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथं धुवून, वाळवून, इस्त्री होऊन जात. भाऊसाहेब मंडळीचे ज्येष्ठ. प्रार्थनामंदिराचं छप्पर त्यांनी घालून दिलं होतं, ध्वनिक्षेपक त्यांचाच, आणि लाँड्रीत रोज सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी ते कामगारांना पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग स्वतः वाचून दाखवत. माणूस वाईट नव्हता हो. कुणी आजारी पडलं तर सगळ्यात आधी त्यांची गाडी दारात उभी राही.

दोनेक महिन्यांपूर्वी थोरलीचा उजवा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला. भाऊसाहेब धावत दवाखान्यात गेले, तिच्या खाटेपाशी गुडघे टेकून रडत प्रार्थना केली, सगळा खर्च उचलला. आणि त्यानंतरच्या रविवारी मंदिराच्या पायऱ्यांवर, डोळे पुसत पुसत, भेटेल त्याला सांगितलं, "बिचारीचं लक्ष नव्हतं. मी रोज घसा फोडून सांगतो, कामात मन ठेवा म्हणून." झालं. त्या दिवसापासून थोरली ही वेंधळी बाई ठरली आणि भाऊसाहेब देवमाणूस. थोरली पुढं प्रभुभोजनाला आली नाही, तेव्हा लोक म्हणू लागले, बघा, एवढं करूनही हिच्या मनात काळं आहेच. आता बघा गंमत. हात गेला तिचा, नाव गेलं तिचं, आणि समजूत घालायची तीही तिचीच!

पण बाईंच्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही. त्या छत्री घेऊन उन्हातून निघाल्या.

थोरलीचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या टोकाला होतं. दोन खोल्या, दोन भाऊ, दोन जावा. दार उघडंच होतं. धाकटी नुकतीच कामावरून आली होती आणि परातीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली होती. थोरली गुडघ्यांत एक बरणी दाबून डाव्या हातानं तिचं झाकण उघडायच्या खटपटीत होती. बाईंनी बरणी घेतली, उघडून दिली. तेव्हा त्यांना तो हात जवळून दिसला. मनगटापासून पुढची कातडी गुलाबी, ताणलेली, चकचकीत. अंगठा सोडून बाकीची बोटं आत वळून तशीच राहिलेली.

"बसा बाई," म्हणून थोरलीनं कोपरानं पंख्याचं बटण दाबलं.

बाईंनी नेहमीचं सुरू केलं. मनात काही ठेवू नये, ओझं आपल्यालाच होतं, क्षमा करणाऱ्यालाच शांती मिळते. कितीदा म्हटलेलं, जिभेवर बसलेलं. थोरलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माफ तर मी त्यांना दवाखान्यातच केलं, बाई. ते प्रार्थना करत होते, मी आमेन म्हटलं. अगदी मनापासून."

"मग मेजापाशी का येत नाहीस?"

"त्यांचा मॅनेजर येऊन गेला ना घरी. म्हणाला, आधी चहाला जा, मग रविवारी सगळ्यांसमोर उभी राहा आणि म्हण, माझंच लक्ष नव्हतं, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. दुसरं मी म्हणेन की, आत्ता म्हणते. पण पहिलं कसं म्हणू? होतं की माझं लक्ष."

"मग हात गेला कसा?"

"दांडी बांधलेली होती."

बाईंना काही उमगेना. तेव्हा परातीतले पाय न काढता धाकटीनंच समजावलं. रोलर म्हणजे चांगला माणसाएवढा लांब, तापलेला, सतत फिरणारा. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून त्यात सारायची, पलीकडून ती कडक इस्त्री होऊन निघते. रोलरच्या तोंडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी दांडी टांगलेली असते. चादरीबरोबर बोटं पुढं गेली की ती आधी दांडीला लागतात आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. ती दांडी त्यासाठीच असते.

"पण जाड चादर आली, दुमडलेली कड आली, की तिचाही धक्का बसतो दांडीला," धाकटी म्हणाली. "उठसूट यंत्र थांबायचं. मग भाऊसाहेबांनी ती तारेनं वर बांधून टाकली. काम कसं भराभर चालतं आता."

"स्वतः बांधली?"

"स्वतः. आम्ही दोघी स्टूल धरून उभ्या होतो."

बाई म्हणाल्या, "जाऊ दे. झालं ते झालं. आता सोडली ना ती तार?"

धाकटी हसली. ते हसू बाईंना पुढं कितीतरी दिवस छळत राहिलं. "सोडतील कशाला? थोरलीच्या जागी आता मी आहे ना. घरात एक पगार तरी यायला नको का? तार तशीच आहे. उलट नवी घातलीय. आधीची जरा सैल पडली होती."

बाईंनी थोरलीच्या हाताकडं पुन्हा बघितलं. नवी तार! म्हणजे हिची बोटं शिजून निघाल्यावर हा माणूस पुन्हा स्टुलावर चढला, त्यानं जुनी तार बघितली, सैल झाली म्हणून चुकचुकला आणि नवी आवळून खाली उतरला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात शास्त्र घेऊन धाकटीसमोर वाचायला उभा राहिला. कुठला भाग वाचला असेल त्यानं? शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, हा?

"येऊ का मग, बाई?" थोरली उठत म्हणाली. "कपडे बदलते. तुम्ही एवढ्या उन्हाच्या आलात, तुमचा शब्द मोडवत नाही."

"नको," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "तू कुठंही यायचं नाहीस. बस तू."

जिना उतरताना त्यांना आधीच्या पाळकांचे दिवस आठवले. समेटाचा चहा त्या म्हाताऱ्या पाळकांनीच सुरू केला होता. पण तेव्हा तो पाळकाच्या घरी नसे! ज्यानं दुखावलं त्यानं उठायचं, ज्याला दुखावलं त्याच्या दारी चालत जायचं, त्याच्या घरात, त्याच्या कपातून तो चहा प्यायचा. पुढं लोक म्हणू लागले, अमक्याची खोली फार लहान, तमक्याचा जिना फार उंच, त्यापेक्षा पाळकसाहेबांची बैठक ऐसपैस आहे. कुणी ठराव केला नाही, कुणाच्या मनात पापही नव्हतं. चहाची जागा बदलली आणि चालणारा माणूसही बदलला. ज्यानं मारलं तो गाडीतून आरामात येऊन खुर्चीत बसू लागला आणि ज्याला लागलं त्याला हाताला धरून आणायला बाई छत्री घेऊन जाऊ लागल्या. इतकी वर्षं. आणि वर कौतुक चहाचं.

घरी आल्या त्या चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात. पाळकसाहेब टेबलाशी बसून रविवारच्या उपदेशाची तयारी करत होते.

"आली नाही ती?" त्यांनी विचारलं.

"मी आणली नाही. आणि अहो, तुम्ही ते शास्त्र जरा इकडं करा."

येशूच्या डोंगरावरच्या शिकवणीतला तो भाग त्यांना तोंडपाठ होता, बायकांना तो त्यांनी कित्येकदा शिकवला होता. तरीही त्यांनी पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. तू देवापुढं आपलं दान घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग परत ये.

"कुणी जायचंय यात?" बाईंनी विचारलं. "ज्याच्या मनात सल आहे त्यानं, की ज्यानं तो सल दिला त्यानं?"

"अगं, अर्थ सरळ आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं."

"मग आपण इतकी वर्षं कुणाला बोलावतोय?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते वाद टाळायच्या तयारीत असतात, हे बाईंना लग्नापासून ठाऊक होतं. मग बाईंनी तारेचं सगळं सांगितलं. नव्या तारेचंही. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "वाईट झालं. फार वाईट. पण जरा सबुरीनं घे. भाऊसाहेबांनी मंडळीसाठी काय कमी केलंय? आपल्या डोक्यावरचं छप्पर..."

"छप्पर! छप्पर आपल्या डोक्यावर आहे, धाकटीच्या हातावर काय आहे ते बोला. उद्या तिचा हात गेला की तिलाही चहाला आणू का? आणि तिच्यानंतर कोण? किती जावा आहेत त्या घरात?"

"हळू बोल, बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे! हळू बोलून बोलूनच हे इथवर आलंय."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. भाऊसाहेब बिस्किटांचा मोठा डबा घेऊन हसतमुखानं आत आले, ठरलेल्या खुर्चीत बसले आणि समोरची रिकामी खुर्ची बघून म्हणाले, "अजून आली नाही वाटतं? नसेल जमत बिचारीला."

पाळकसाहेब घसा खाकरू लागले. बाई थांबल्या नाहीत. त्या रिकाम्या खुर्चीत स्वतः जाऊन बसल्या. "भाऊसाहेब, रोलरची दांडी अजून बांधलेली आहे?"

भाऊसाहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण क्षणभरच. "त्याचं असं आहे, बाई, की तुम्हाला धंद्यातलं कळायचं नाही. ती दांडी सोडली की काम निम्म्यावर येतं. हॉटेलवाले दुसरीकडं जातील. माझ्या लाँड्रीवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. आणि जे घडलं ते का कुणाच्या हातात होतं? देवाच्या मर्जीशिवाय डोक्यावरचा केस तरी गळतो का?"

"केसाचं देव बघेल. तार आवळताना पक्कड कुणाच्या हातात होती?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते रडणं, हे बाईंनाही मान्य करावं लागलं. "बाई, तुम्ही माझे डोळे उघडलेत," ते म्हणाले. "तिनं काही बोलायचं नाही. उद्या मीच सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. हात जोडतो. सगळं सरळ करतो मी, सगळं."

पाळकसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि बाईंकडं बघितलं, झालं ना समाधान, अशा नजरेनं. कुणी मागितलं नव्हतं तेवढं माणूस द्यायला निघाला होता. एवढ्या मोठ्या माणसानं भर मंडळीत माफी मागायची! बाईंचा राग खाली बसला. त्यांनी उठून चहा टाकला, भाऊसाहेबांनी तो बिस्किटं बुडवून प्यायला आणि गाडीत बसून गेले. बाईंनी लगोलग थोरलीकडं निरोप धाडला, की उद्या नक्की ये, तुला चकार शब्द बोलायचा नाही.

रविवारी मंदिर गच्च भरलं. बातमी फुटली होतीच. पुढं मेजावर पाव आणि द्राक्षरस मांडून त्यावर पांढरं कापड घातलं होतं. थोरली मागच्या बाकावर धाकटीला खेटून बसली होती, उजवा हात ओढणीखाली.

उपदेश संपल्यावर भाऊसाहेब उठले. ध्वनिक्षेपक त्यांनी हातात घेतला आणि काय बोलले म्हणून सांगू! दगडाला पाझर फुटावा असं बोलले. मी पापी आहे, म्हणाले. माझ्या बहिणीच्या वेदनेकडं मी पाठ फिरवली, तिला बोल लावला, तिला एकटं पाडलं. शब्दागणिक आवाज कापत होता. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग ते मधल्या वाटेनं चालत मागच्या बाकापाशी गेले आणि थोरलीसमोर हात जोडून उभे राहिले. "बहिणी, मला माफ कर."

थोरली गडबडून उभी राहिली. "केलंय, भाऊसाहेब. केव्हाच केलंय."

सगळ्या मंदिरात हुंदका आणि हायसं वाटणं एकदमच उमटलं. कुणीतरी टाळी वाजवली, पेटीवाल्यानं स्तुतिगीताचा सूर धरला. तेवढ्यात थोरली म्हणाली, "तार सोडली ना?"

"अं?"

"दांडीची. काल संध्याकाळी सोडली असेल ना तुम्ही? धाकटी उद्या पहाटे जाणार आहे कामावर, म्हणून विचारते."

पेटी थांबली. भाऊसाहेबांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. "अगं, ही प्रभूच्या घरातली वेळ आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "धंद्याचं धंद्याच्या जागी."

"हो. पण सोडली का?"

"उद्या मोठा माल जायचाय. तो एकदा निघू दे, मग बघतो ना मी. सांगितलं ना, बघतो म्हणून."

बाई ताडकन उठल्या. काल संध्याकाळी या माणसाच्या आसवांपुढं आपण विरघळलो आणि नेमकं तेवढंच विचारायचं विसरलो, याची त्यांना भयंकर चीड आली. म्हणजे रडायला याच्यापाशी वेळ आहे, भाषणाला वेळ आहे, गुडघे टेकायला वेळ आहे. नाही तो फक्त पक्कड हातात घ्यायला! पण बाईंना तोंड उघडावं लागलं नाही. पुढून पाळकसाहेबांचा आवाज आला.

"भाऊसाहेब, लाँड्री रस्त्याच्या पलीकडच्या वळणावर आहे. तुम्ही जाऊन या. आम्ही थांबतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. पाळकसाहेब मेजामागं उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात त्या पांढऱ्या कापडावर होते. चष्मा डोळ्यांवरच होता.

"तुम्ही मला मेजापासून उठवताय, साहेब?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"उठवत नाही, बोलावतोय. आधी जा आणि मग परत ये, असं लिहिलंय. तुम्ही आल्याशिवाय मी हे कापड काढणार नाही."

भाऊसाहेबांनी आजूबाजूला बघितलं. कुणी खाली बघत होतं, कुणी छपराकडं. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि ते बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लाँड्रीला जायचं तर फाटकातून डावीकडं वळावं लागतं. खिडकीपाशी बसलेल्यांनी बघितलं, गाडी उजवीकडं वळली. उजवीकडं भाऊसाहेबांचा बंगला होता.

तरीही पाळकसाहेब थांबले. पोरं चुळबुळ करू लागली, पुढच्या बाकांवर कुजबुज वाढली. एकानं उठून सांगितलं, की हा अतिरेक झाला, माणसानं एवढी माफी मागितली, आता काय जीव घ्यायचा त्याचा? त्याच्यामागं दोन-तीन कुटुंबं उठून निघूनही गेली. बाईंना वाटलं, यांच्या अंगावर धावून जावं. जीव कुणाचा घेतला जातोय, ते दिसत नाही यांना?

मग मागच्या बाकावरून धाकटी म्हणाली, "किल्ली माझ्याकडं असते. पहाटे मीच उघडते."

नळवाले काका कोपऱ्यातून उठले. रविवार असो की सोमवार, कुणाचा नळ कधी फुटेल याचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्या सायकलला हत्यारांची पिशवी कायम असे. "पक्कड आहे माझ्याकडं," एवढंच ते म्हणाले.

मेज झाकलेलं ठेवून सगळी वरात रस्त्यावर आली. पुढं काका, मग दोघी जावा, मागं पांढरा झगा सावरत पाळकसाहेब, बाई आणि निम्मी मंडळी. उरलेली निम्मी बाकांवर बसून राहिली, आणि ती कुणाची वाट बघत होती देव जाणे.

धाकटीनं लाँड्रीचं शटर वर केलं, दिवे लावले. आत साबणाचा आणि दमट कापडाचा वास कोंडला होता. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगानं वचन रंगवलं होतं, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, अशा अर्थाचं. त्याच्या बरोबर खाली रोलर होता आणि त्याची दांडी नव्या कोऱ्या, लखलखत्या तारेनं वर आवळलेली होती. काका स्टुलावर चढले. पक्कड दोनदा वाजली आणि तार खाली पडली. दांडी झुलत आपल्या जागी येऊन बसली.

"बघू चालते का," काका म्हणाले.

धाकटीनं तो थंड रोलर सुरू केला. घरघर सुरू झाली. सगळे नकळत एक पाऊल मागं सरले, थोरली तेवढी पुढं गेली. तिनं ओढणीखालून उजवा हात काढला आणि वळलेल्या बोटांच्या मागच्या बाजूनं दांडीला नुसता स्पर्श केला. रोलर थांबला.

"पुन्हा लाव गं," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीनं पुन्हा लावला. थोरलीनं पुन्हा हात टेकवला. रोलर पुन्हा थांबला.

"एवढ्यानं थांबतो होय," थोरली म्हणाली.

पाळकसाहेबांनी सवयीनं प्रार्थनेसाठी हात वर केले आणि मग न बोलताच खाली घेतले. इतरांना धीर द्यायला बाईंपाशी नेहमी एखादं वचन तयार असे, पण त्या क्षणी त्यांना एकही आठवलं नाही. त्यांना फक्त राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शांत होऊ दिला नाही.